पावणेदोन ग्रॅम

तीस वर्षं वजनमापे खात्यात होतो.
जांभळी नाक्यापासून मुंब्र्यापर्यंत
कुणाचा काटा किती खोटा, मला पाठ.
निवृत्तीनंतर भंगारातून हे उचललं,
स्विस बनावटीचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र,
माझ्याहून थोडंच लहान.
तबकडी चार किलोची,
आतल्या वंगणाची काकवी झालेली.
सून म्हणाली, बाबा, मोबाइलवर सगळं आहे की.
आहे.

घासलेटात भिजवून एकेक स्क्रू
इडलीपात्राच्या खळग्यांत ओळीने ठेवला.
सोळा खळगे.
सतरावा स्क्रू कुठला
हे अजून कळलेलं नाही.

मोटर फिरली, पण पोटात घरघर.
रबरी चाक वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून
तिथेच चपटं झालं होतं,
(खात्यात अशी माणसं पाहिली आहेत.)
वागळे इस्टेटला, सोळा नंबर रस्त्यावर
पास्कल डिमेलोने ते लेथला लावलं,
काकडीची साल काढावी तसं खरवडलं.
गनमेटलचा नवा बुश करताना विचारलं,
साहेब, मायक्रॉन किती?
म्हटलं, ऐकू येणार नाही इतके.

तरी घरघर उरलीच. बूड हलकं होतं.
तेवढ्यात चौथ्या मजल्यावर
इंदुताई खोपकरांचा ओटा फुटायला लागला,
ग्रॅनाइट येणार होता.
कडप्पा मागितला. कशाला हो?
गाण्याला बूड पाहिजे.
त्यांनी दगडावरून हात फिरवला,
म्हणाल्या, इथे मी कोळंबी सोलायचे,
आणि आत जाऊन एक रेकॉर्डही आणून दिली,
लेबल निघालेली, कुणाची ते त्यांनाही आठवेना.
दगड कापला, भोकं पाडली, घासला.
शेगडीखालचा फिकट चौकोन गेला.
हळदीचा एक डाग गेला नाही.

मग सुईचं वजन.
पावणेदोन ग्रॅम, त्याहून गुंजभरही जास्त नको,
जास्त झालं तर खाचा कुरतडते,
कमी झालं तर उड्या मारते.
पोतदारांकडे काटा मागायला गेलो,
ज्यांना मी एकदा दंड केला होता.
त्यांनी काटा पुसून दिला. फक्त म्हणाले,
आता खरा आहे, बघून घ्या.
सुई काट्यावर टेकवली
आणि श्वास धरला,
माझ्या श्वासानेसुद्धा आकडा हलत होता.

राहिला वेग.
तबकडीच्या कडेला ठिपक्यांची रांग असते,
वेग बरोबर असेल तर
फिरता फिरता ती जागच्या जागी उभी दिसते.
पण त्याला ट्यूबलाइट लागते, जुनी, चोकवाली,
आणि घरात सगळे नव्या जातीचे दिवे.
बी विंगभर दारं वाजवली.
सगळ्या सोसायटीत एकच ट्यूब उरली होती,
गेटावर, शेजवळच्या केबिनमध्ये.

रात्री साडेदहा.
मी आणि शेजवळ, मध्ये अठ्ठावीस किलो,
लिफ्टमधल्या कुत्र्यावाल्या बाईंनी
कोण गेलं म्हणून विचारलं.

हजेरीवही बाजूला सारून यंत्र मांडलं.
ठिपके आधी पुढे पळत होते,
खिट्टा केसभर मागे घेतला,
मग मागे सरकू लागले, आळसावल्यासारखे,
पुन्हा केसभर,
आणि थांबले.
चार किलो लोखंड गरगरतंय
आणि ठिपके उभे, पाखरं तारेवर बसावीत तसे.
शेजवळने बोट लावून पाहिलं,
बोट लागलीच मागे घेतलं.

स्पीकर वर, घरी. तारा वर.
तरी इंदुताईंची रेकॉर्ड लावलीच,
सुई सोडली.
स्पीकर नसला तरी सुई स्वतःशी बोलते,
कान अगदी जवळ न्यावा लागतो.
दोघांची डोकी तबकडीवर,
वर ट्यूबची गुणगुण,
खाली डासाएवढी सनई.

शेजवळ म्हणाला, साहेब,
फार लांब कुणाचं तरी लग्न लागतंय.

अकराला लिफ्ट बंद करतात.
अकराला पाच कमी होते.
म्हटलं, ही बाजू संपू दे.